नुसत्या सल्ब्युटामॉलवर चाललेले दम्याचे पेशंट: संशोधन दवाखान्यात नेमकं कसं उतरवायचं?

हडपसर_जीपी यांचा प्रश्न

नमस्कार. हडपसर-मांजरी पट्ट्यातल्या छोट्या दवाखान्याच्या दृष्टीने विचारते आहे. दम्याच्या उपचारांबद्दल जगभरच्या डॉक्टरांना मार्गदर्शन करणाऱ्या 'जीना' या संस्थेने २०१९ सालीच सांगितलं की १२ वर्षांवरच्या कोणालाही नुसत्या सल्ब्युटामॉलवर ठेवू नका. हे आपण सगळ्यांनी वाचलंय. तरीही कितीतरी पेशंट आजही सल्ब्युटामॉलचा निळा पंप, श्वासनलिका रुंद करणारी थिओफिलिनची गोळी आणि अधूनमधून स्टेरॉइडचा पाच दिवसांचा कोर्स एवढ्यावरच चाललेत.

पुरावा कशावर उभा आहे आणि किती भक्कम? आपल्याकडे मिळणाऱ्या पंपांना तो जसाच्या तसा लागू होतो का? जुन्या पंपावरून नव्यावर नेताना चिठ्ठीवर काय लिहायचं आणि घोटाळा कुठे होतो? 'पेशंटला नीट समजावून सांगा' हे उत्तर कृपया नको, ते रोज चालूच असतं.

छातीविकार_औंध

मॅडम, पुराव्यापासून सुरू करतो, कारण चिठ्ठी त्यावरूनच ठरते.

सल्ब्युटामॉल श्वासनलिकेचा स्नायू सैल करतं, आतली सूज तशीच राहते. रोज घेत राहिलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत बीटा रिसेप्टर (हे औषध जिथे लागू पडतं त्या पेशींवरच्या जागा) कमी होतात, औषध पूर्वीइतकं लागू पडत नाही आणि नळ्या जास्त चिडक्या होतात. पेशंटला मात्र दोन मिनिटांत बरं वाटतं, म्हणून त्याचा सगळा विश्वास त्याच पंपावर बसतो. वर्षाला २०० पफचे ३ किंवा त्याहून जास्त पंप संपत असतील तर अटॅकचा धोका वाढलेला असतो. १२ किंवा जास्त असतील तर मृत्यूचा.

बदल घडवला तो मुख्यतः चार चाचण्यांनी. २०१८ साली सिग्मा-१ आणि सिग्मा-२ आल्या, २०१९ साली न्यूझीलंडच्या पुढाकाराने झालेल्या नोव्हेल स्टार्ट आणि प्रॅक्टिकल. सिग्मा-१ मध्ये ३,८४९ पेशंट होते. गरजेपुरता, म्हणजे त्रास झाला तरच, बुडेसोनाइड (स्टेरॉइड) आणि फॉर्मोटेरॉल (नळी उघडणारं औषध) यांचा एकत्र पंप घेणाऱ्यांचे गंभीर अटॅक गरजेपुरतं टर्ब्युटालिन (सल्ब्युटामॉलच्याच जातीचं औषध) घेणाऱ्यांपेक्षा ६४ टक्के कमी. पण त्याच पेपरमधला दुसरा आकडाही लक्षात ठेवा. दमा चांगला आटोक्यात असलेले आठवडे रोज नियमाने बुडेसोनाइड घेणाऱ्यांमध्ये ४४.४ टक्के होते, गरजेपुरता पंप घेणाऱ्यांमध्ये ३४.४ आणि नुसत्या टर्ब्युटालिनवाल्यांमध्ये ३१.१. म्हणजे रोजचं लक्षण कमी करण्यात नियमित स्टेरॉइड सरसच आहे. अटॅक रोखण्यात मात्र गरजेपुरता पंप त्याच्या बरोबरीने उभा राहतो, तोही एकूण स्टेरॉइडच्या १७ टक्के मात्रेवर. आपले पेशंट बरं वाटलं की रोजचा पंप बंद करतात. म्हणून आपल्याकडे ही पद्धत अधिक मोलाची आहे, असं माझं ठाम मत आहे. जगातल्या दम्याच्या पेशंटपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत आणि दम्याच्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त. हे अंतर बरंचसं न मिळालेल्या श्वासावाटेच्या स्टेरॉइडचं आहे.

आता चिठ्ठी. आधी निदान पक्कं करा. स्पायरोमेट्री (फुंकून फुफ्फुसाची क्षमता मोजणं) जमली तर उत्तम: ब्रोंकोडायलेटर म्हणजे नळी उघडणारं औषध दिल्यानंतर एफईव्ही-१ मध्ये, म्हणजे पहिल्या सेकंदात बाहेर फुंकलेल्या हवेत, १२ टक्के आणि २०० मिली वाढ. नाही जमली तर फुंकरीचा जोर मोजणारं पीक फ्लो मीटर देऊन दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ नोंद ठेवायला सांगा, दर वेळी तीन फुंकरांतली सर्वात मोठी. त्या दिवसातल्या मोठ्या आकड्यातून लहान वजा करून दोघांच्या सरासरीने भागायचं आणि सगळ्या दिवसांची सरासरी काढायची. मोठ्यांमध्ये ती १० टक्क्यांच्या वर गेली तर दम्याच्या बाजूने पुरावा.

ही पायरी गाळली की सर्वात महाग चूक होते. मुळशी-वेल्ह्याकडून येणारी, आयुष्यभर चुलीपुढे बसलेली पन्नाशीची बाई 'दमा' म्हणून लिहिली जाते आणि प्रत्यक्षात सीओपीडी (धूर किंवा धूम्रपानाने नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) असते. गरजेपुरत्या बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलच्या या चाचण्या दम्यावरच्या आहेत. सीओपीडीचं औषध वेगळं आणि त्याचा पाया टिओट्रोपियमसारखे दीर्घकाळ चालणारे ब्रोंकोडायलेटर.

निदान पक्कं, वय १२ च्या वर, त्रास आठवड्यातून एखाद-दोन दिवस आणि स्पायरोमेट्री ठीक असेल तर लिहा: बुडेसोनाइड २०० / फॉर्मोटेरॉल ६ मायक्रोग्रॅम, त्रास झाला की १ पफ, काही मिनिटांत उतरला नाही तर आणखी १. एका वेळी ६ च्या वर नाही, दिवसात एकूण १२ च्या वर नाही. ८ च्या वर गेले तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं. त्रास आठवड्यातले बहुतेक दिवस होत असेल किंवा रात्री झोपमोड होत असेल तर तोच पंप सकाळी १, संध्याकाळी १ आणि वर गरजेपुरता. पंप एकच असल्याने पेशंटचा गोंधळ होत नाही.

घोटाळ्याची पहिली जागा: जुना निळा पंप घरात राहतो. तो हाताशी असला की हात तिकडेच जातो. पुढच्या भेटीला घेऊन या म्हणून सांगा आणि चिठ्ठीवरून तो स्पष्टपणे काढा. दुसरी: २०० च्या जागी ४०० ची ताकद. ४०० गरजेपुरती वापरायची नाही, दोन-चार वाईट दिवसांत स्टेरॉइड भलतंच चढतं. तिसरी: फॉर्मोटेरॉलच्या जागी साल्मेटेरॉल. फॉर्मोटेरॉल एक ते तीन मिनिटांत काम सुरू करतं म्हणून तातडीला चालतं, साल्मेटेरॉलला वेळ लागतो. फॉर्मोटेरॉल-फ्लुटिकासोनही आपल्याकडे मिळतं, पण गरजेपुरत्या वापराचा पुरावा बुडेसोनाइडच्या, आणि काही प्रमाणात बेक्लोमेथासोनच्या, जोडीचा आहे.

आणखी एक. गरजेपुरत्या पफनंतर दर वेळी चूळ भरायची गरज नाही. ती अट घातली की ऑफिसात, बसमध्ये पेशंट पंप काढतच नाही. सकाळ-संध्याकाळच्या ठरलेल्या पफनंतर मात्र चूळ हवीच.

सल्ब्युटामॉल दवाखान्यातून घालवू नका. अटॅकमध्ये आलेल्या मोठ्या माणसाला स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून) ४ ते १० पफ दर २० मिनिटांनी तासभर, लागेल तसा ऑक्सिजन आणि प्रेडनिसोलोन ४० ते ५० मिलिग्रॅम ५ ते ७ दिवस, हे आजही तसंच आहे. वाक्य पुरं करता येत नसेल, गुंगी येत असेल किंवा स्टेथोस्कोपने छातीत श्वासाचा आवाजच ऐकू येत नसेल तर उपचार चालू ठेवून लगेच मोठ्या हॉस्पिटलला.

पेठेतला_केमिस्ट

डॉक्टरसाहेबांनी म्हटलेली दुसरी आणि तिसरी चूक काउंटरवर होते, म्हणून लिहितो.

चिठ्ठीवर नुसतं ब्रँडचं नाव आणि 'इनहेलर' असेल तर निम्मा अंदाज आमच्यावर येतो. त्याच नावाने १००, २०० आणि ४०० ची खोकी असतात, त्याच नावाने कॅप्सूल असतात आणि कॅप्सूल ओढायचं साधन वेगळं विकत घ्यावं लागतं. कॅप्सूल नेली आणि साधन घरी नाही, म्हणून कॅप्सूल पाण्याबरोबर गिळली जाते. हे खरंच घडतं. त्यामुळे तीन गोष्टी चिठ्ठीवर हव्यातच: औषधांची मूळ नावं, ताकद, साधन.

पैशाचं बोलायचं तर बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलची जोडी राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे कमाल किंमत ठरलेली असते. सल्ब्युटामॉलचा पंप तरीही पुष्कळ स्वस्त दिसतो आणि गिऱ्हाईक तेवढंच बघतं. त्याला सांगायचं की हा १२० पफचा आहे आणि आठवड्यातून दोनदाच लागला तर महिनोन् महिने पुरतो. फक्त मुदत बघून द्यावा लागतो. काही पंप पाउच फोडल्यापासून ठरावीक महिन्यांतच वापरायचे असतात, म्हणून पाउच फोडल्याची तारीख पंपावरच पेनाने लिहून द्यावी.

आणि सल्ब्युटामॉल हे चिठ्ठीवरचं औषध आहे. वर्षातला तिसरा पंप मागायला तोच माणूस आला की आम्ही त्याला डॉक्टरकडे परत धाडलं पाहिजे. दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये नावावर खरेदी दिसते. बघायला अर्धं मिनिट लागतं.

हडपसर_जीपी

दोघांचे आभार, हे अगदी वापरता येण्यासारखं आहे. एक शंका. लेव्होसल्ब्युटामॉल ५० आणि बेक्लोमेथासोन ५० असा जोडपंप आपल्याकडे सर्रास लिहिला जातो. त्यातही स्टेरॉइड आहेच की. मग तोच गरजेपुरता दिला तर पुराव्याला धरून झालं का?

ट्रायल_समन्वय_पुणे

मॅडम, या प्रश्नासाठीच मुद्दाम लॉग-इन केलं. संशोधन चाचणीतून दुकानापर्यंत येताना डोस कसा गळतो, याचं हे नेमकं उदाहरण आहे.

गरजेपुरत्या सल्ब्युटामॉल-बेक्लोमेथासोनची चाचणी २००७ साली छापून आली, नाव 'बेस्ट'. त्यात एका पफमध्ये सल्ब्युटामॉल १०० मायक्रोग्रॅम आणि बेक्लोमेथासोन २५० मायक्रोग्रॅम होतं. आपल्या जोडपंपातलं लेव्होसल्ब्युटामॉल ५० म्हणजे कामाच्या दृष्टीने साध्या सल्ब्युटामॉलच्या १०० च्या आसपास. म्हणजे नळी उघडणारा भाग चाचणीइतकाच आहे, पण स्टेरॉइड २५० च्या जागी ५०. एक-पंचमांश. औषधाच्या कणांचा आकार वेगळा असेल तर हिशेब थोडा हलतो, पण पाचपटीचं अंतर त्याने भरून निघत नाही. पेशंटला आराम चाचणीतल्यासारखाच वाटणार, तो तेवढेच पफ घेऊन थांबणार आणि सूज कमी करणारं औषध पुरेसं पोचणार नाही.

नुसत्या सल्ब्युटामॉलपेक्षा हा पंप बरा, एवढं म्हणता येतं. 'बेस्टने सिद्ध केलं' असं म्हणता येत नाही. शिवाय तोच पंप दिवसातून चार वेळा ठरवून लिहिला जातो तेव्हा सल्ब्युटामॉल रोजचं होतं, आणि ज्यातून सुटायचं तिथेच माणूस परत येतो.

कुठलाही पेपर वाचताना तीन गोष्टी आधी शोधा: कोण घेतले, कोण वगळले, आणि साधन कोणतं. दम्याच्या चाचण्यांत जास्त ओढलेले धूम्रपान करणारे सहसा वगळलेले असतात, दमा तपासणीने सिद्ध झालेला असतो, औषध फुकट असतं आणि दर काही आठवड्यांनी कोणीतरी पंप वापरून दाखवायला लावतं. सिग्मात सगळ्यांकडे सकाळ-संध्याकाळचा पंपही होता, काहींचा खरा, काहींचा प्लासिबो (औषध नसलेला, दिसायला तसाच पंप), म्हणजे 'फक्त गरजेपुरता' हे खऱ्या आयुष्यासारखं नव्हतं. ती उणीव नोव्हेल स्टार्टने भरून काढली. प्लासिबो नाही, कोण काय घेतंय ते सगळ्यांना माहीत, आणि पंपावर इलेक्ट्रॉनिक मोजणी. तिथे वर्षाला दरडोई अटॅक गरजेपुरत्या बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलवर ०.१९५ आणि गरजेपुरत्या सल्ब्युटामॉलवर ०.४०० आले. रोजच्या दवाखान्यासाठी मला ही चाचणी सिग्मापेक्षा जास्त जवळची वाटते. साधन मात्र तिथे टर्ब्युहेलर (ओढून घ्यायचा कोरड्या पावडरीचा पंप) होतं, आपल्याकडे बहुतेकांच्या हातात गॅसचा पंप नाहीतर कॅप्सूल. औषध तेच, पण छातीत किती पोचतं ते वापरण्याच्या पद्धतीवर ठरतं.

पुराव्याचा आपल्या मातीतला भागही आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०११ साली एका दिवसात देशभरातल्या प्राथमिक डॉक्टरांकडे आलेल्या २,०४,९१२ पेशंटची नोंद जमवली. निम्म्याहून थोड्या जास्त लोकांना श्वसनाची तक्रार होती. म्हणजे हा बदल छातीविकार तज्ज्ञांच्या ओपीडीत घडून पुरणार नाही, तो जीपींच्या टेबलावरच घडायला हवा. दवाखान्यात तो मोजायचा असेल तर वहीत चार रकाने पुरतात: गेल्या वर्षातले सल्ब्युटामॉलचे पंप, स्टेरॉइडच्या गोळ्यांचे कोर्स, इमर्जन्सीच्या फेऱ्या, आणि नव्या पंपाच्या काउंटरवरचा आकडा. सहा महिन्यांनी तेच चार रकाने परत भरा. हे आपल्या कामापुरतं झालं. लेख म्हणून छापायचा विचार असेल तर मात्र सुरू करण्याआधी नोंदणी असलेल्या इथिक्स कमिटीची मान्यता घ्या, मागाहून ती मिळत नाही.

फुफ्फुस_टेक्निशियन

साधनाचा विषय निघालाच आहे तर.

गरजेपुरता पंप म्हणजे बरेच दिवस न वापरलेला पंप. आठवडाभर पडून राहिला की पहिल्या पफमध्ये औषध पुरेसं येत नाही. म्हणून आठवड्याच्या वर पडलेला किंवा हातातून पडलेला पंप हलवून २ पफ हवेत सोडायचे आणि मग घ्यायचा. रोज पंप घेणाऱ्याला याची गरज नसते, म्हणून हे कोणी शिकवत नाही, आणि नव्या पद्धतीत नेमकं हेच चुकतं.

स्पेसर लावून: पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, एकच पफ दाबा, लगेच सावकाश खोल श्वास घ्या, जमेल तसा १० पर्यंत आकडे मोजत धरा. दुसरा पफ हवा असेल तर परत हलवून पहिल्यापासून. दोन पफ एकदम दाबले की औषध भिंतीला चिकटतं. स्पेसर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून धुवा आणि हवेवर वाळू द्या. फडक्याने पुसला तर प्लॅस्टिकवर विद्युतभार चढतो आणि पुन्हा औषध भिंतीलाच.

कॅप्सूलच्या साधनाला उलटं: सावकाश नको, जोरात आणि खोल ओढायचं. साधनात फुंकायचं नाही, तोंडाची वाफ आत गेली की पावडरीच्या गुठळ्या होतात. पावसाळ्यात कॅप्सूल डबीतून आधी काढून ठेवू नयेत, त्या मऊ पडतात आणि नीट उघडत नाहीत. ओढून झाल्यावर साधन उघडून बघा, पावडर उरली असेल तर परत ओढा. अटॅकमध्ये ज्याला जोर लावता येत नाही त्याच्यासाठी पंप आणि स्पेसरच बरा.

शिकवल्यावर करून दाखवायला लावा, आणि ४ ते ६ आठवड्यांनी परत. तेवढ्या काळात जुन्या चुका परततात.

स्पायरोमेट्रीला पाठवताना चिठ्ठीवर लिहा: सल्ब्युटामॉल ४ तास आणि फॉर्मोटेरॉलचा पंप २४ तास आधीपासून नको, पण त्रास झालाच तर औषध घ्या आणि तपासणी पुढे ढकला. हे न सांगता आलेल्या पेशंटचा रिपोर्ट नॉर्मल येतो आणि दमा नाही असं ठरतं.

हडपसर_जीपी

जोडपंपाचा हिशेब अशा रीतीने कधी मांडून पाहिला नव्हता, उद्यापासून तो गरजेपुरता लिहिणं थांबवते. शेवटचं: १२ च्या खालच्या मुलांचं काय?

छातीविकार_औंध

मॅडम, ६ ते ११ वयात माझी पसंती रोज कमी मात्रेच्या स्टेरॉइड पंपाला, स्पेसरसह. घरचे रोज देणार नाहीत अशी खात्रीच असेल तर सल्ब्युटामॉल घेताना प्रत्येक वेळी जोडीला स्टेरॉइडचा पफ. २०२५ साली न्यूझीलंडमधून 'केअर' चाचणी आली आहे. ५ ते १५ वयाच्या ३६० मुलांना बुडेसोनाइड ५० / फॉर्मोटेरॉल ३ चे २ पफ गरजेपुरते दिले, सल्ब्युटामॉलच्या तुलनेत अटॅक ४५ टक्के कमी झाले. आपल्याकडच्या १००/६ चा १ पफ बेरजेने तेवढाच होतो, पण साधन आणि स्पेसर बदलतात, म्हणून बालरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवा. पाच वर्षांखाली हे काहीच लावू नका. तिथे सर्दीबरोबर येणारी घरघर हा वेगळाच विषय आहे.

पेठेतला_केमिस्ट

डॉक्टर मॅडम, मुलांच्या चिठ्ठीवर 'मास्कसह स्पेसर' की 'तोंडात धरायचा स्पेसर' तेही लिहा. नाहीतर समोर जो असेल तो दिला जातो. आणि मोठ्यांच्या चिठ्ठीवर औषधाखाली एक ओळ: 'साल्मेटेरॉलची जोडी देऊ नये, ४०० देऊ नये, उपलब्ध नसल्यास फोन करावा', आणि दवाखान्याचा नंबर. ही ओळ रबरी शिक्क्यावर करून घेतलीत तर रोज लिहावी लागणार नाही.